सात नंबरशी कोण बोलतं?

त्या नदीतली पाणमांजरं चाळीस वर्षांपूर्वी संपली. काही कातडीसाठी मारली गेली, उरलीसुरली कारखान्यांच्या सांडपाण्याने मेली. आता पाणी जरा निवळलं होतं, म्हणून सरकारने धरणामागे एक केंद्र काढलं. तिथे पाणमांजरं वाढवायची आणि मोठी झाली की नदीत सोडायची. त्या केंद्रात काका मासे घालायच्या कामावर होते.

सगळे त्यांना मौनीकाका म्हणत. सकाळी आले की मान हलवायची, संध्याकाळी जाताना पुन्हा हलवायची, मधल्या वेळात चकार शब्द नाही. या कामाला असाच माणूस हवा होता. पिंजऱ्याजवळ बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. माणसाचा आवाज म्हणजे मासा, हे एकदा प्राण्याच्या डोक्यात बसलं की तो नदीवर टिकत नाही. मासेसुद्धा पडद्याआड उभं राहून, पत्र्याच्या पन्हाळीतून हौदात सोडायचे. केंद्राच्या डॉक्टरीणबाई नव्या माणसांना काकांचं उदाहरण द्यायच्या.

काकांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात होती आणि जेवणाची वेळ टाळण्यात पटाईत. त्यामुळे एकतीस वर्षं काका घरात पाऊल टाकताच एकच प्रश्न विचारत आले होते, "जेवलीस का?" ती गेली तेव्हा ते रडले नाहीत. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस. कसलं घट्ट आणि कसलं काय! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काकांना सगळंच वाटायचं. घर, डबा, स्वतःचे हातसुद्धा. लेक दुसऱ्या शहरात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बरा आहे", "हो", "ठेवतो", एवढ्यात काका तिची बोळवण करायचे.

आणि एका दुपारी सात नंबरच्या हौदात मासे सोडताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का?"

सात नंबर ही पोरकी मादी. पिल्लू असताना महिनाभर बाटलीच्या दुधावर वाढलेली. तिने पाण्यातून डोकं वर काढलं आणि बारीक शीळ घातली. बस्स, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी काकांनी तिला मोरीचा नळ गळतोय हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी, शेजाऱ्याने पुन्हा जिन्यात सायकल लावली याची तक्रार केली. चार महिन्यांत सात नंबरला काकांच्या घरातली इत्थंभूत माहिती झाली होती.

मग सोडण्याआधीची परीक्षा आली. बाईंनी केंद्रातल्या इलेक्ट्रिशियनला पिंजऱ्यासमोर चालायला लावलं आणि सांगितलं, काहीही बोल. तो म्हणाला, "काय बोलू?" एवढ्यावर बाकीची तिन्ही पाणमांजरं बुडी मारून गायब. सात नंबर मात्र जाळीशी आली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि शीळ घालू लागली.

"सात नंबरशी कोण बोलतं?" बाईंनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी बादली खाली ठेवली. "मी."

केंद्राच्या गाडीच्या ड्रायव्हरला हसू आवरेना. "तुम्ही? काका, तुम्हाला बोलता येतं?"

बाई हसल्या नाहीत. "नदीवर मासेमार आहेत. कोणी हाक मारली की ही होडीजवळ जाईल. जाळी फाडते म्हणून एखादा वल्हं घालेल हिच्या डोक्यात. तीन आठवडे देते. नाही सुधारली तर जन्मभर याच हौदात राहील." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या आवाजाने बिघडली आहे, तर तुमच्याच आवाजाने सुधारावी लागेल."

उपाय साधा होता. काकांनी रोज बोलायचं तेच बोलायचं, आणि ती जवळ आली की ड्रायव्हरने पाण्याचा फवारा मारायचा, डबा बडवायचा. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "जेवलीस का?" ती आली. फवारा बसला. ती धडपडत मागे गेली आणि काही चूक झाली असेल अशा समजुतीने पुन्हा आली. पुन्हा फवारा. काका पडद्याआडून बघत होते. वाईट वाटायला हवं हे त्यांना कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी "जेव" एवढंच म्हटलं आणि पाणी हललं. ड्रायव्हरने नळी उचलायच्या आत ती तळाशी गेली होती.

"जमलं, काका!" तो ओरडला.

मग बाईंनी बोलून बघितलं, इलेक्ट्रिशियन बोलला. ती कुणाच्याच आवाजाला थांबेना. काकांनी फळ्यावर तिला सोडायची तारीख लिहिली, घरी गेले आणि डब्यातलं उरलेलं खाल्लं.

सोडायच्या दिवशी सकाळी चारही पेट्या नदीकाठी ठेवल्या. दारं वर ओढली. तिघं सरळ पाण्यात घुसली. सात नंबर कोपऱ्यात अंग चोरून बसली. पेटी तिरकी केली तर नखं रोवून बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "बोला तुम्ही."

काका पेटीच्या मागे गुडघ्यांवर बसले. फळीला हात लावला. आतली थरथर हाताला लागत होती. आता बोललं की ती जाणार, आणि त्यानंतर हे विचारायला जगात कोणी नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

ती सुटली ती थेट पाण्यात. लव्हाळ्यापर्यंत बुडबुड्यांची एक रेघ गेली आणि तिथे संपली. बाईंनी वहीत खूण केली. ड्रायव्हर पेट्या गाडीत चढवू लागला.

काका काठानेच थोडे पुढे गेले. खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला. बुधवार होता.

"बाबा?" ती घाबरून म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

काका कान देऊन उभे राहिले. हा प्रश्न विचारला की समोरचं पळून जातं, याची त्यांना तीन आठवड्यांत सवय झाली होती.

"नाही अजून," लेक म्हणाली. "बाबा, ठेवू नका हं. बोला ना काहीतरी."

काका ओल्या वाळूत खाली बसले.

"मोरीचा नळ गळतोय," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.