हजेरीपटावरचा अंगठा

हजेरीपटावरचे सगळे अंगठे माझे होते. हे एक वाक्य मी ठाण्याच्या कामगार न्यायालयात बोलायला हवं होतं. बोललो नाही. तिथे जे बोललो ते खोटं होतं आणि ते माझ्या सुंदर सहीनिशी नोंदलेलं आहे.

वाडा रस्त्यावरच्या एका कापडाच्या गोदामात मी मुकादम होतो. अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यांवरून चाळीसेक आदिवासी बायका टेम्पोतून कामाला यायच्या. खोकी उतरवायची, थप्पी लावायची, गाडी लागली की थप्पी मोडून भरायची. रोज हजेरीपटावर प्रत्येकीचा अंगठा घ्यायचा असा नियम. पण चाळीस जणींना रांगेत उभं करायचं, शाईची डबी फिरवायची, म्हणजे अर्धा तास जाणार. म्हणून शनिवारी दुपारी चहा पिता पिता आठवड्याचे सगळे ठसे मीच उठवायचो. आजूबाजूच्या गोदामांतले मुकादमही तेच करत. त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. बायका हसायच्या. "आमचा अंगठा मुकादमाच्या हाताला हाय," म्हणायच्या.

हे सर्वांत आधी बोलली ती एक तिशीतली बाई. कामाला वाघ, तोंडाला तिखट. मला तिचा राग होता, कारण ती थप्पीवरून भांडायची. सात थरांच्या वर खोकी रचायची नाहीत हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. दिवाळीच्या आधी माल वाढला आणि शेठ म्हणाला, "जागा काय तुझ्या बापाने दिलीय? अकरा लाव." मी अकरा लावायला सांगितले.

ती म्हणाली, "मुकादम, पडल ही."

मी म्हणालो, "पडली तर तुझ्यावर पडू दे, तोंड तरी बंद होईल."

बाकीच्या हसल्या. मीही हसलो. तीन दिवसांनी थप्पी तिच्यावरच पडली.

मी शेठला फोन लावला तेव्हा ती अजून ओरडत होती. शेठने पहिला प्रश्न विचारला तो, "कामावर दाखवलीस का तिला?" मी म्हणालो, शनिवार यायचाय, आठवडा कोराच आहे. "मग कोराच ठेव." मी त्याच्याही पुढे गेलो. तिला टेम्पोत घातलं, हात धुतले आणि तिच्या नावापुढे त्या दिवसाच्या चौकोनात खाडा मांडला.

तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तिच्या नवऱ्याने भरपाईचा दावा लावला. त्यांचा वकील नवखा होता, पण कायदा त्याला बरोबर ठाऊक होता. थप्पी कुणी लावली, चूक कुणाची, याच्यावर अडायचं कारणच नव्हतं. ती तिथे कामाला होती आणि काम करताना पाय गेला, एवढं सिद्ध झालं की शेठ जबाबदार. आणि आमच्या हजेरीपटावर दीड वर्ष तिचं नाव होतं. जुन्या पानांवर सरकारी तपासनिसाचा शिक्काही होता, त्यामुळे पट गायब करता येईना. कोर्टाने तो मागवला.

शेठ घाबरला. त्याच्या वकिलाच्या कचेरीत आम्ही तिघे बसलो होतो. वकील पानं उलटत होता, कपाळाला हात लावत होता. तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. मीच आपणहून म्हणालो, "साहेब, हे ठसे तिचे नाहीत. माझे आहेत."

वकिलाने चष्मा काढला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"काका, हे आधी नाही का सांगायचं! म्हणजे ही बाई तुमच्याकडे कधी कामालाच नव्हती."

शेठ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लंगडी आली नाचायला."

मला ती थाप आवडली होती. हेही लिहून ठेवतो.

तज्ज्ञाने तिच्या नावापुढचे ठसे तपासले आणि ते तिचे नाहीत असा अहवाल दिला. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो. म्हणालो, त्या नावाची दुसरी एक बाई कामाला होती, ती सोडून गेली. ही पुठ्ठे गोळा करायला आत शिरायची, हाकललं तरी यायची. ती समोर बाकावर कुबडी धरून बसली होती. मी बोलत असताना ती नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "हा माजंच सांगतोय काय?" कोर्टाने तिला गप्प केलं.

तिच्या वकिलाने सगळ्या बायकांचे ठसे एकमेकांशी ताडून बघितले असते तर चाळीस जणींना एकच अंगठा निघाला असता. त्याला ते सुचलं नाही. माझा अंगठा मी मुठीत धरला होता, पण तसं करायची गरज नव्हती. सही येणाऱ्या माणसाचा अंगठा कोण मागतो? जबानीखाली मी सही केली. दावा फेटाळला गेला.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. हे सगळं फक्त तिला ठाऊक होतं. त्यानंतर मी भिवंडीत एका वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, खरं सांगणारं प्रतिज्ञापत्र केलंत तर तुमच्यावरच खटला होऊ शकतो. प्रकरण पुन्हा उघडायचं तर मात्र अर्ज त्या बाईचाच लागेल, त्यावर तिचा अंगठा. माझं प्रतिज्ञापत्र आणि तिचा अर्ज असे दोन्ही कागद तयार करून घेऊन मी अंबाडीला उतरलो आणि विचारत विचारत तिच्या पाड्यावर गेलो.

नवरा आता नाही. ती अंगणात बसून वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ठसे, वकिलाची कचेरी, पिंजरा. ती सोलत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"पडली त्या दिशी काय मांडलंस?"

"खाडा."

तिचे हात थांबले. "सकालपासून बारा गाड्यांचा माल उतरवला व्हता मी. खाडा?"

मी शाईची डबी काढली. म्हणालो, बाई, इथे अंगठा दे. कोर्टात मी सगळं खरं सांगतो, तू तिथे कामाला होतीस हे सिद्ध होईल.

तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माजा अंगठा आता न्हाय मिलायचा. मी कामाला व्हती, ते मना ठावं हाय. तुला पायजे तर तुजाच लाव, सवय हाय तुला."

तिच्या सुनेने मला पाणी आणलं होतं. ती सुनेला म्हणाली, "ने ते आत."

प्रतिज्ञापत्र मी एकट्यानेच नोटरीसमोर केलं आणि न्यायालयात पाठवलं. त्याखाली सही केली नाही. नोटरी म्हणाला, "आजोबा, पेन तर खिशाला आहे, मग अंगठा कशाला?" मी म्हणालो, ताडून बघायला लागेल. तिच्या अर्जावरची जागा कोरी आहे. तो कागद माझ्याकडेच आहे.