सुटे सूर

टेक्ससमधल्या प्लेनो गावच्या मराठी मंडळींना माझं काय करावं ते कधीच कळलं नाही. कुणाच्याही घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की हातात प्लेट यायच्या आत प्रश्न यायचा. समोरचे सगळे एकतर डॉक्टर, नाहीतर कुठल्यातरी कंपनीच्या कॅम्पसवर टेलिफोन आणि चिप्सचं इंजिनिअरिंग करणारे. मी म्हणायचो, गिटार वाजवतो. त्यावर एक काकू, गावातल्या सगळ्यात जुन्या, नवरा हृदयाचा डॉक्टर, अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, "छानच हो, हॉबी पाहिजेच माणसाला. पण जॉब काय करता?"

"हाच जॉब आहे काकू."

"अगंबाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या बायकोच्या प्लेटमध्ये आणखी एक पुरणपोळी वाढली. त्या दिवसापासून बिचारीला सगळीकडे जरा जास्तच वाढलं जाऊ लागलं.

मी लहान असतानाच आईवडिलांबरोबर लंडनला गेलो. मराठी टिकली ती आईमुळे, इंग्रजीत मागितलं तर ती जेवायला वाढायची नाही. गिटार कुठून आली ते सांगण्यासारखं नाही, त्या वयात तिथल्या प्रत्येक पोराच्या हातात गिटार होती. माझ्या हातातून ती सुटली नाही एवढंच. विशी गाठायच्या आत मी सेशनला जाऊ लागलो. सेशन गिटारिस्ट म्हणजे भाड्यानं वाजवणारा. सकाळी बिस्किटांची जाहिरात, दुपारी सिनेमाचं पार्श्वसंगीत, संध्याकाळी एखाद्या नव्या गायिकेची रेकॉर्ड. समोर कागद यायचा, त्यावर एकदा नजर फिरवायची, आणि दुसऱ्यांदा फिरवायच्या आत टेप सुरू झालेली असायची. आम्ही फक्त एकच प्रश्न विचारायचा अशी पद्धत होती: कोणासारखं हवंय? ते सांगतील त्याच्यासारखं वाजवायचं, कोट घालायचा आणि पुढच्या स्टुडिओत जायचं. किती रेकॉर्डांवर मी आहे हे मलाही माहीत नाही. नाव एकीवरही नाही.

त्याचं मला वाईट वाटत नसे. लोकांना वाटतं, वाटत असणार. पण कुणासारखंही वाजवलं तरी हात आपलाच असतो. माझा हात ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळायचा. चुकीचा म्हणता येणार नाही इतपतच, पण धंद्यातली चार माणसं रेडिओ ऐकून मला सांगायची, काल तो साबण तूच वाजवलास ना? तेवढं मला पुरत होतं. घर, गाडी, नाव, काहीच माझं नव्हतं, पण ते रेंगाळणं माझं होतं.

ऐंशीचं दशक उजाडलं आणि लंडनमधलं काम आटत गेलं. तेव्हा डॅलसमधल्या एका स्टुडिओनं बोलावलं. अमेरिकेतल्या गावोगावच्या रेडिओ स्टेशनांची नावं गाऊन देणारा तो कारखाना होता. चाल तीच, गाणारे तेच, फक्त स्टेशनचं नाव बदलायचं. सकाळी ओहायो, जेवणानंतर ऱ्होड आयलंड. मधल्या वेळेत फर्निचरच्या दुकानांच्या जाहिराती. मालक सहा फुटांवरचा, काउबॉय बूट घालणारा, मोठ्यानं हसणारा टेक्सन. माणूस मनानं चांगला, हे मी आजही म्हणेन. त्यानं माझा व्हिसा केला आणि मग ग्रीन कार्डचा अर्जही स्टुडिओच्या नावानं केला. म्हणजे झालं असं की नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की अर्ज गेला. माझ्या बोटांना स्टुडिओनं अशी दोरी बांधून ठेवली होती, प्रेमानं.

खरी कोंडी बायकोची होती. लंडनमध्ये ती फार्मसिस्ट होती, स्वतःच्या पायावर उभी. इथे माझ्या व्हिसावर आलेली म्हणून तिला काम करायची परवानगी नाही. गाडी एकच, ती मी नेणार. आमच्या अपार्टमेंटसमोर सहापदरी रस्ता आणि फुटपाथचं नाव नाही. एकदा ती भाजी आणायला चालत निघाली तर पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. मॅडम, आर यू ओके? ती घरी येऊन आधी हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. कार्ड आलं की तिला काम करता येणार होतं. आमच्या घरात देवापेक्षा त्या कार्डाचं नाव जास्त घेतलं जायचं.

मग ते यंत्र आलं. की-बोर्डला जोडलेला कॉम्प्युटर, त्यात फ्लॉपी घालायच्या. कुठल्याही वाद्याचा एकेक सूर त्याला ऐकवायचा, की तो सूर त्याच्या पोटात राहतो, आणि मग पट्टी दाबली की वाजतो. यंत्राबरोबर ते चालवणारी एक बाईही नोकरीला आली, तिशीतली, कमी बोलणारी, फार हुशार. एक दिवस मालकानं मला बोलावलं. म्हणाला, तुझे सगळे सूर यात भरून घेऊ. छोट्या छोट्या कामांना तुला कशाला त्रास? मोठी कामं तूच करशील. नोकरी पक्की, माझा शब्द.

मी मूर्ख नव्हतो. आमच्याकडे मोठी कामं नव्हतीच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती, चिरायची थांबली नाही.

"मग नाही म्हण."

"आणि?"

"आणि काय? लंडनला परत जाऊ. तुझ्या आईच्या वरच्या खोलीत राहू. मी पुन्हा पहिल्यापासून नोकरी शोधीन, तू शोध." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "मी तुला फोर्स नाही करत. पण हो म्हणणार असशील तर म्हणून टाक आणि रोज चेहरा पाडून घरी येऊ नकोस. मला इथे वेड लागायची वेळ आली आहे यार."

मी हो म्हणालो.

ऑगस्टचा महिना होता. टेक्ससचा ऑगस्ट ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आणि स्टुडिओतला एसी बंद, कारण एसीची घरघर प्रत्येक सुराच्या शेपटीत शिरली असती. दारं जाड, खिडकी नाही. आत मी, एक स्टूल, एक माइक. काचेपलीकडे ती बाई. ती हात वर करायची, मी एक सूर वाजवायचा, मग तो पूर्ण विरून जाईपर्यंत श्वास रोखून बसायचं. मग तोच सूर जरा जोरात. मग हलका. मग तळहातानं दाबून, तुटका. मग गिटारच्या दांडीवरचा पुढचा पडदा. मग पुढची तार. घामानं बोटं घसरायची, तारा उतरायच्या, पुन्हा लावायच्या. ना ताल ना चाल. एवढ्या वर्षांत मी कधी एकच सूर वाजवून थांबलो नव्हतो. सूर आपल्या पुढच्याकडे बघत असतो, आणि इथे प्रत्येकाला पुढचा येण्याआधीच उचलून नेत होते.  

मधल्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभा राहून मी एक बेत केला. बिघडवायचं. फार नाही. चार-पाच सूर असे द्यायचे की एकेकटे बरे वाटतील, पण एकत्र आले की खटकतील. मग यंत्रातून निघालेलं काहीच धड होणार नाही आणि मला परत बोलवावं लागेल. अगदी सोपं होतं. तार केसभर वर ढकलायची, की सूर किंचित चढतो, बस.

आत गेलो. मधल्या तारेवर मधला एक सूर आला, ज्याच्यावाचून कुठलीही चाल पुढे सरकत नाही असा. मी तो केसभर वर ढकलला. सूर विरला. बाईनं काचेपलीकडून मान डोलावली, तिला काही कळलं नव्हतं. तिनं पुढच्यासाठी हात वर केला.

आणि मी म्हणालो, "सॉरी. तो पुन्हा घेऊ."

माझ्याच तोंडून निघालं ते. मी थांबवू शकलो नाही. जन्मभर या हातानं मागितलं ते आणि मागितलं तसं दिलं होतं, पहिल्या फटक्यात. त्याला वाईट वाजवताच येत नव्हतं. मी पुन्हा वाजवला, शुद्ध, गोल, लांब. त्यानंतरचे सगळे तसेच दिले. मालकाच्या दोरीचा मला इतका राग आला नव्हता जितका त्या दिवशी माझ्या बोटांचा आला. घरी जाताना सिग्नलला उभा असताना मी स्टीअरिंगवर हात आपटले, जोरात, आणि लगेच घाबरून बोटं हलवून पाहिली. शाबूत होती. त्याचाही राग आला.

काही आठवड्यांनी मालकानं सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये जमवलं. फर्निचरच्या दुकानाची एकच जाहिरात दोनदा ऐकवणार होते. एकीत मी त्याच आठवड्यात वाजवलेली गिटार, एकीत यंत्रातली; आधी कुठली ते सांगणार नव्हते. आमच्याकडे गाडीतल्यासारखा एक रद्दी, छोटा स्पीकर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण लोक शेवटी गाडीतच ऐकतात. त्यावर लावलं. ड्रम, गाणाऱ्या चार बायका आणि त्यांच्याखाली गिटार.

पहिली जरा ताठ वाटली. दुसरीत ती ढिलाई होती, ठोक्यामागे किंचित रेंगाळणारा हात. मला बरं वाटलं. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, करा काय करायचं ते, हे यंत्राला जमणार नाही.

"दुसरी," मी म्हणालो. "दुसरीत मी आहे."

 मालक हसला, मग सगळे. टाळ्यासुद्धा वाजल्या. ती बाई तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मागे राहता ना थोडे, ते मी तुमच्या जुन्या टेपांवरून मोजून प्रत्येक सुराला लावलं. मला वाटलं, त्याशिवाय ते तुमचं वाटणार नाही." तिच्या आवाजात माफी होती. काम तिनं उत्तम केलं होतं, मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

आणि पहिली ताठ का होती? कारण त्या दिवसांत मीच ताठ झालो होतो. काच दिसली की वाटायचं, पलीकडे यंत्र ऐकतंय. मी स्वतःला जपून, सरळ, कोरडं वाजवत होतो. यंत्रात मात्र जुना मी होता.

मालकानं दिलेला शब्द पाळला. मला काढलं नाही. काढलं असतं तर माझा अर्ज बुडाला असता, कारण तो गिटारिस्टच्या जागेसाठी होता, म्हणजे ती जागा राहायला हवी आणि तिच्यात मीही राहायला हवा. म्हणून रोज सकाळी मी हायवेवरून डॅलसला जायचो, गिटार लावायचो आणि बसायचो. पलीकडच्या खोलीतून माझं वाजवणं ऐकू यायचं. कुणी वाईट वागलं नाही. उलट मला चांगली खुर्ची दिली. पुढे पुढे मी गिटार लावणंही सोडलं. कुठे काही कमी-जास्त झालं तर अर्ज बारगळेल या भीतीनं मी सुट्टीही घेत नसे. पॉटलकला कुणी विचारलं की म्हणायचो, काम मजेत चाललंय. काकूंना हे उत्तर एकदम पटलं. अखेर मी त्यांच्या नवऱ्याच्या मित्रांसारखा बोलायला लागलो होतो.

कार्ड आलं तेव्हा बायको इतकी मोठ्यानं ओरडली की खालच्या मजल्यावरचे लोक येऊन दार वाजवू लागले. लायसन्सची परीक्षा देऊन ती वर्षभरात एका फार्मसीत लागली, आणि तिचा चेहरा परत लंडनसारखा झाला. त्या चेहऱ्यासाठी मी पुन्हा तेच केलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच कुणावर चिडता येत नव्हतं.

मग मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी केक आणला होता. बायको नवी गाडी घेऊन न्यायला आली होती, ती बाहेर थांबली. मी गिटारी बाहेर नेऊन ठेवल्या आणि निरोप घ्यायला परत आत गेलो. म्हणालो, चला, निघतो. मालकाचे डोळे ओले झाले होते, तो तसा हळवाच. त्यानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा त्या यंत्रावर.

"तू कुठे जातोयस?" तो म्हणाला. "तू इथेच आहेस."

तो हे प्रेमानं म्हणाला. मी हसलो, हात मिळवला आणि बाहेर आलो. डांबर तापलेलं होतं. मी गाडीत बसलो आणि पट्टा लावला. बायकोनं मागच्या सीटवरच्या गिटारींकडे एक नजर टाकली.

"सगळं घेतलंस ना आठवणीनं?"

"नाही," मी म्हणालो. "पण जे राहिलं ते आता परत देता यायचं नाही त्यांना. चल."