आई, आंबा घाट आणि बेचाळीसपैकी नऊ गाणी

आईची अट एका वाक्याची होती. "मी घाट चढून तुझ्यापर्यंत पोचू शकले, तर तू जा."

कोल्हापुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला माझा नंबर लागला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे पदवी झाली की नोकरी, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पुढे शिकायचं, लोकांमध्ये काम करायचं आणि मग इथेच परत यायचं, हे मी महिनाभर बोलबोलून पटवलं. अडलं ते घाटावर. बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत. हंगाम सुरू झाला की आठ-आठ दिवस समुद्रात, फोन लागत नाही. म्हणजे तिकडे मला काही झालं तर धावायचं आईनेच. आणि आईला गाडी लागते.

गाडी लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. वाडीतून रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत एसटीने जायचं तरी ती डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसते. बारा वर्षांपूर्वी एका लग्नासाठी मलकापूरला निघाली होती, तेव्हा साखरप्यापासून पुढचा सगळा रस्ता तिने पिशवीत तोंड घालून काढला. परत आल्यावर दोन दिवस अंथरुणात. गोळी घेतली तर दिवसभर गुंगी येते, म्हणून गोळी नाही. आणि कोकणातून कोल्हापूरला थेट रेल्वे नाही, म्हणून घाट चुकत नाही.

उपाय मला सापडला तो मिरजोळ्याच्या टेम्पोत. आई तिथल्या काजूच्या कंपनीत कामाला जाते. वाडीतल्या बायका एका टेम्पोत दाटीवाटीने बसून जातात. मागच्या सुट्टीत मीही महिनाभर त्यांच्याबरोबर गेले होते. रस्ता खड्ड्यांचा, टेम्पोत डिझेलचा वास, पण आईला कधी काही झालं नाही. का, तर सगळ्या बायका जाता-येता गात असतात. मी ठरवून टाकलं, गाणं चालू असलं की आईला गाडी लागत नाही. हा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, हे मला घाटात कळलं.

घाटात नेट जातं, हे माहीत होतं. म्हणून गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायची ठरवली. गाण्यांच्या एका ॲपची महिनाभराची वर्गणी घेतली आणि ‘आई घाट’ नावाची यादी केली. आईला एकाही गाण्याचं नाव सांगता येत नव्हतं. ती मासे साफ करता करता पहिली ओळ गुणगुणायची आणि मी एका हाताने शोधायचे.

"हे नाय गो. ह्यात बाईचा आवाज बारीक आहे. आमचं ते वेगळं."

"आई, तेच आहे. गायिका तीच आहे."

"मग ती म्हातारी झाल्यावर गायली असेल हे. जुनं बघ."

असं करत बेचाळीस गाणी जमली. जुनी सिनेमाची, भावगीतं, चार भजनं. हळदीची दोन-तीन गाणी ॲपवर मिळालीच नाहीत, ती फक्त टेम्पोतल्या बायकांना येतात. पहिली नऊ मी रत्नागिरीत कॉम्प्युटर क्लासच्या वाय-फायवर उतरवली. उरलेली घरी, मोबाइल डेटावर, डाउनलोडचा बाण दाबून सोडून दिली. बाणाभोवती गोल फिरत होतं. मी समजले, होतंय. आणि झोपले.

दिवस पहिला. ऑगस्टचा दुसरा आठवडा, रत्नागिरीहून सकाळची एसटी. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे दोघींना मिळून एकाच तिकिटाचे पैसे पडले. ज्यांना गाडी लागते त्यांना घेऊन जाणार असाल तर चाकावरची सीट टाळा, पुढून तिसरी-चौथी बघा, खिडकी त्यांना द्या. आणि उपाशी नेऊ नका. आई काही खायला तयार नव्हती, मी अर्धं घावन जबरदस्तीने खायला लावलं. हातखंब्यापासून रस्त्याचं काम चालू होतं. कुठे गुळगुळीत, कुठे एकदम चिखल. पालीपर्यंत आई इअरफोन लावून शांत होती. मान किंचित हलत होती. मला वाटलं, जिंकलो.

साखरप्याला गाडी दहा मिनिटं थांबली. गरम भजी समोर तळत होते. आईने नुसता वास आल्यावर तोंड फिरवलं. तिथून घाट सुरू होतो. रस्ता वळायला लागला, खिडकीबाहेर धुकं आलं, मध्येच कुठे पांढरं पाणी कड्यावरून उतरताना दिसायचं. आणि एका वळणावर आईने माझा दंड धरला.

"बंद पडलं गो."

गाणं अर्ध्यावर थांबलं होतं. मी फोन घेऊन बघितलं. नऊ गाण्यांच्या पुढे हिरवी खूण होती, ती पालीच्या आधीच वाजून संपली होती. पुढची सगळी थेट नेटवरून वाजत आली होती आणि आता नेट गेलं होतं. उरलेली गाणी राखाडी झाली होती. दाबली तरी हलत नव्हती. कुठे चुकलं ते मला त्या क्षणी कळेना. आईच्या कपाळावर घाम दिसला. मी पिशवी काढली.

तेवढ्यात आईने ते गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे म्हणायला सुरुवात केली. इअरफोन कानात तसेच. कानात बोंडं असल्यावर आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. आईचा आवाज टेम्पोतला, पंधरा बायकांत ऐकू जाणारा. आख्खी गाडी वळून बघायला लागली.

कंडक्टर कोल्हापूरकडचे होते. मागून ओरडले, "मावशी, जोरात म्हणा की! ड्रायव्हरला ऐकू येईना झालंय!"

गाडी हसली. माझ्या मागच्या सीटवर कॉलेजची दोन मुलं होती, त्यातल्या एकाने मोबाइल वर धरला. मला लाज वाटली. खरं सांगते, मी आईचा हात दाबून म्हणाले, "आई, हळू. सगळे बघतायत."

आईने इअरफोन काढला. "काय म्हणतेस?"

"हळू म्हण. किंवा मनातल्या मनात म्हण."

ती गप्प झाली. पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. प्रवेशाच्या मुलाखतीत मी काय बोलले होते ते मला आठवलं. बायकांना त्यांचा आवाज मिळाला पाहिजे, असं मी तिथे खुर्चीत ताठ बसून सांगितलं होतं. आणि इथे आई तोंड दाबून बसली होती, माझ्यामुळे. टेम्पोत ती नुसती ऐकत नव्हती, गात होती, हे मला तेव्हा उमगलं. ऐकण्याने नाही, गाण्याने तिचं पोट जागेवर राहत होतं.

मी मागे वळून त्या मुलाला म्हटलं, "दादा, फोन खाली घे. माझी आई आहे ती." त्याने मुकाट्याने घेतला. मग मी आईच्या कानाशी गेले. "आई, म्हण."

"नको. लोक हसतात."

"हसू देत. मी पण म्हणते."

मला गाता येत नाही. चालीचा आणि माझा काही संबंध नाही. तरी मी हळदीचं ते गाणं सुरू केलं, जे ॲपवर मिळालं नव्हतं. दुसऱ्याच ओळीला आई वैतागली. "असं नाय गो, बाय! वर जातं ते!" आणि मला दुरुस्त करायला म्हणून तिने आवाज लावला. मग थांबलीच नाही. एक संपलं की दुसरं. पलीकडच्या सीटवर मलकापूरला उतरणाऱ्या एक आजी होत्या, त्यांनी टाळी धरली. कंडक्टर दाराच्या दांड्याला टेकून उभे होते. गाणं संपलं की म्हणायचे, "झालं? पुढचं घ्या की. तिकिटात धरलंय."

गाडी थांबली तेव्हा आईने विचारलं, "घाट कधी लागणार आता?"

"संपला. आंबा गाव आलं."

"संपला?" तिने खिडकीतून डोकं काढून खात्री केली. मग खाली उतरून एक चहा प्यायली, आणि मग दुसराही. पिशवी तशीच कोरी होती, ती मी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

कोल्हापूरला पोचायला एकूण चार तास लागले. पावसाळ्यात जाणार असाल तर दरडीचा म्हणून आणखी एक तास धरा. प्रवेशाचे कागद दुपारीच झाले. मग हॉस्टेल. तिथल्या रेक्टरबाईंनी खोली, स्वयंपाकघर, छपरावरची पाण्याची टाकी, सगळं दाखवलं. आईने एकच प्रश्न विचारला.

"हिला ताप आला तर?"

"मी वरच्या मजल्यावर राहते. आधी मी, मग डॉक्टर, आणि लगेच तुम्हाला फोन," बाई म्हणाल्या. "तुम्ही या निवांत. काळजी करू नका."

"निवांत नाय येता येत. मधे घाट आहे," आई म्हणाली. पण चेहऱ्यावर राग नव्हता.

फोनचा घोळ तिथल्याच एका सीनियर मुलीने दोन मिनिटांत सोडवला. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड’ चालू होतं. त्यामुळे घरचा बाण रात्रभर फिरत बसला आणि काही उतरलंच नाही. हॉस्टेलच्या वाय-फायवर उरलेली सगळी उतरवून घेतली. तुम्हाला सांगण्यासारखं हे: यादीत टाकलं म्हणजे फोनमध्ये आलं असं नाही. प्रत्येक गाण्यापुढे खूण आहे का बघा. घरी असतानाच विमान मोड लावून दोन-चार वाजवून बघा. आणि महिन्यातून एकदा तरी फोन नेटला जोडा, नाहीतर उतरवलेली गाणीही रुसून बसतात.

संध्याकाळी मिसळ खाल्ली. सकाळी अर्ध्या घावनाला नाही म्हणणाऱ्या आईने कट दोनदा मागून घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "तिखट आहे, पण मासा हवा होता यात." रात्री देवळाजवळच्या एका साध्या, स्वच्छ यात्री निवासात राहिलो. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

दिवस दुसरा. पहाटे दर्शन, रांग लहान होती. दहाची एसटी. उतरताना जास्त त्रास होतो म्हणतात, म्हणून मी घाबरलेच होते. आंब्याला आईच्या कानात इअरफोन घातले, बेचाळीसच्या बेचाळीस गाण्यांना खूण होती. तिसऱ्या गाण्याला तिची मान माझ्या खांद्यावर आली. मला वाटलं, सुरू झालं. बघते तर ती झोपली होती. आख्खा घाट ती तोंड किंचित उघडं टाकून झोपली, आणि मी खांदा न हलवता बसून राहिले. इतकं मोकळं मला परीक्षेच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र आई अटीबद्दल काही बोलेना. मी दोन दिवस वाट बघून विचारलं. "बघू," म्हणाली. "तू होतीस बरोबर." फी भरायची शेवटची तारीख पुढच्या मंगळवारी होती. तिचा फोन बटणांचा आहे आणि ॲपमधली गाणी ॲपबाहेर काढून तिच्या फोनात टाकता येत नाहीत, हेही मी तिला सांगून बसले होते. ते सांगायला नको होतं, असं मला वाटत राहिलं.

रविवारी ती सकाळीच बाहेर पडली. "पालीला जाते जरा, मावशीकडे." दुपारपर्यंत यायला हवी होती. तीन वाजले, चार वाजले. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "इकडे कुठे आली?" मी स्टँडवर जायला चप्पल घातली, तेवढ्यात आई पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना दिसली. हातात छत्री, केस विस्कटलेले, चालणं मात्र नेहमीचं.

"कुठे होतीस?"

तिने ब्लाउजमधून दोन तिकिटं काढून माझ्या हातावर ठेवली. रत्नागिरी ते आंबा. आंबा ते रत्नागिरी.

"एकटी?"

"मग? तू काय प्रत्येक वेळेला मला न्यायला येणार आहेस?" ती पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. "जाताना एकदा मळमळलं. तेवढ्यात शेजारीण विचारते, कुठे निघालात? सांगत बसले तुझं सगळं, कॉलेज, हॉस्टेल, वरच्या मजल्यावरच्या बाई. घाट केव्हा गेला कळलं नाय. येताना गायले. हळूच. कोण हसलं नाय."

मी पाणी आणलं. तिने तांब्या तोंडाला लावला, अर्धा संपवला, आणि म्हणाली, "मंगळवारची वाट नको बघू. उद्याच भर ती फी."