काकीचे रान आधी

ताज्या कडब्याला एक गोडसर वास असतो. आज अंगणात पेंढ्या उतरल्या आणि त्या वासाबरोबर काकी आठवली. तिला जाऊन अजून वर्ष झालेले नाही.

लढाईच्या वर्षांत काका पलटणीत होते आणि आष्ट्याजवळचे त्यांच्या वाटणीचे रान काकी एकटी कसत होती. उतारा अर्थातच काकांच्या नावाचा. खुरपण, राखण, काढणी सारे तिचे; पण बाईने औत धरायचे नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे पेरणीसाठी ती आपल्या दिराच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बैलांची वाट बघायची. साऱ्या भावकीची राने उरकली की बैल तिच्याकडे यायचे. तोवर जमिनीची ओल उडालेली असायची. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, खुरटा राहायचा, आणि बाईच्या हाताला पीक येत नाही असे गावभर व्हायचे. दोन वर्षे अशी गेल्यावर वडिलांनी सांगितले, "वैनी, यंदा बी पिकलं न्हाई तर रान आमी कसतू. तुमी घरचं बघा."

गंमत अशी, की भावकीची सारी पेरणी काकीच्याच हातची. पाभरीमागून, म्हणजे पेरणीच्या औतामागून, चालत चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीने बी सोडायचे काम बायकांचे, आणि तिच्यासारखी एकसारखी मूठ गावात दुसरी नव्हती.

मी तेव्हा सांगलीला शिकत होते; सुटीला घरी आले होते. शाळवाच्या पेरणीचे हस्त नक्षत्र लागले. वडील आमच्या रानात पाभर जुंपून उभे, आणि काकी बांधावर निवांत मिश्री लावत बसलेली.

"वैनी, या की. ऊन चढलं."

"आदी माझ्या रानात चला. मग येते."

"आन् न्हाई गेलू तर?"

"मग तुमीच धरा चाडं. एकीकडं दाट केस, एकीकडं टक्कल. लोकं बगायला येतील, भावजी."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वडिलांनी बैल तिच्या रानाकडे वळवले.

त्या साली तिचा शाळू डोक्यावर गेला. मळणीला वडील म्हणाले, "औंदा रान लागलं बगा, वैनी."

"रान तेच हाय. बैलं येळंवर आली."

वडीलच आधी हसले. रान काढून घ्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

काका परतले, उताऱ्यावर नाव त्यांचेच राहिले. तिला त्याचे काय वाटत होते, हे एवढी पुस्तके वाचूनही मला विचारायचे सुचले नाही. आता ते राहूनच गेले. पण यंदा हस्त लागताच वडील कुणी न सांगता बैल घेऊन आधी तिच्याच रानात गेले. चाड्यावर मी होते. उगवण कुठे दाट, कुठे विरळ झाली. वडिलांनी ती बघितली आणि एवढेच म्हणाले, "बसंल हात हळूहळू."