भाई कोयंड्यांच्या दंडावरचो पट्टो

भाई कोयंडे माणसावर विश्वास ठेवीत नसत, मग यंत्रावर कुठून ठेवणार? सख्ख्या भावाने सुरमई दिली तरी कल्ला उघडून बघितल्याशिवाय ती घरात यायची नाही. बायको सुभद्रा म्हणायची, "लग्नाच्या येळाक माझे दातय मोजलेले आसतले ह्येंनी!"

तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं, ओढतात तेव्हा दोरीवर पाण्याच्या सगळ्यात जवळ उभा असतो तो पहिला हात. तो हाळी देतो, मागचे त्या तालावर ओढतात. दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा रापणीचा रिवाज. आणि पहिला हात एकदा दुसऱ्याला दिला की परत मागायचा नाही, हाही. तो हात भाईंचा. त्यांच्या मागे दुसऱ्या जागेवर पुतण्या, विनीत.

भाईंना वाळूत भोवंड आली तेव्हा त्यांना मोटारसायकलवर घालून मालवणला नेणाराही विनीतच. भाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच: ह्याचा डोळा पहिल्या हातावर तर नाही?

डॉक्टरांनी प्रेशर बघून भुवया चढवल्या. "दवाखान्यात आलं की काहींचं वाढतं. खरं काय ते कळायला हे यंत्र एक दिवस-रात्र अंगावर ठेवा. दंडावरचा पट्टा मधून मधून आपोआप फुगेल, तेवढा वेळ हात सैल सोडायचा. बाकी रोजची कामं करा. फार जास्त निघालं तर मात्र रापण बंद."

भाईंनी 'बंद' तेवढं ऐकलं. बाहेर येऊन कमरेला बांधलेल्या यंत्राच्या डबीवर बोट ठेवलं. "ह्यातला तुझ्या मोबायलात जाता?"

"नाय ओ काकानू. तेच्यातच रवता."

"तुका कसा म्हायत?"

"डाक्टरानी सांगल्यानी."

"तुका कित्याक सांगल्यानी? दंड माझो!"

घर येईपर्यंत बेत ठरला. ओढलं तर वाढणार, म्हणजे ओढायचंच नाही. एक दिवस घरी बसलं म्हणून हात 'दिला' थोडाच होतो! अंगणात खुर्ची टाकून भाई नव्या नवरीसारखे बसले. पेज घेतली तीही अळणी. ओरडणं नाही, कुणाचा उद्धार नाही.

"ह्या यंत्राक रोज येवंदे," सुभद्रा म्हणाली. "माझ्या कानांका सुख."

पट्टा गुरगुरला आणि पोलिसाने धरावा तसा दंड आवळला. त्याच वेळी सुरूच्या झाडांपलीकडून हाळी आली. विनीतची.

भाई ताठ झाले. हाळी लवकर पडत होती. लाट मागे सरायच्या आधी ओढलं की जाळं तळापासून उचललं जातं आणि मासळी खालून निसटते. "घाय करता मेलो," ते पुटपुटले. मग किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. ते हसणं आपल्यालाच होतं याबद्दल भाईंना शंका नव्हती. हात सैल ठेवून ते दात खात बसले.

संध्याकाळी विनीत बांगडे घेऊन आला. "तुमचो वाटो."

"हात लावलेलो नाय मी. वाटो कसलो?"

"सगळ्यांनी दिल्यानी."

हात न लावता वाटा मिळतो तो अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना. रात्री पट्टा आवळला तसे भाई जागे झाले, तेव्हाही डोक्यात बांगडेच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद बघितला. "रात्रीचं ठीक. पण काल दुपारच्या आधी केवढं चढलंय! काय ओढत होतात?"

"काही नाही. खुर्चीवर बसलो होतो."

"रापण ओढी होते डाक्टरानू," सुभद्रा म्हणाली. "घराक बसान. दातांनी."

डॉक्टर वैतागले. "रोजची कामं करा म्हटलं होतं ना? उद्या पुन्हा बांधा. सांभाळून ओढा, भोवंड आली तर लगेच थांबा."

भाई पाण्यात उभे राहिले, डबी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ऐन ओढीत डाव्या दंडावरचा पट्टा फुगायला लागला. आता हात सैल सोडायचा कसा? तेवढ्यात मागून विनीतचा हात त्यांच्या डाव्या हाताशेजारी दोरीवर आला.

"हात काढ!"

"सोडा, काकानू. मी धरलंय."

भाईंनी डावा सोडला, उजवा नाही. हाळी स्वतःच देत राहिले, पण डोळे समुद्रावर नव्हते, विनीतच्या बोटांवर होते. पट्टा सैल पडला. ते काही बोलायच्या आत विनीतचा हात मागे गेला.

पुढच्या वेळी भाईंनी विनीतची पारख केली. पट्टा सैल पडला तरी डावा हात लावलाच नाही. विनीतने आपला काढला तो काढलाच. दोरी सरसरत पाण्याकडे निघाली.

"काकानू, हात लावा! दोर जाता!" मागचे सगळे बोंबलले. विनीत दोन्ही हात आपल्या जागेवर आवळून उभा होता. भाईंनी झडप घातली.

या खेपेचा कागद बरा निघाला. प्रेशर होतं, पण बेताचं. रोज एक गोळी, रापण चालू.

"चिठ्ठी द्या, गोळये हाडतंय," विनीत म्हणाला.

भाईंनी चिठ्ठी सुभद्रेच्या हातात दिली. "तू जा गो. आणि पाकीट आधी कोणी फोडलेला नाय मां, बघून घे."