प्याद्यानं मात

कमळाकरला गावात कोणी विचारत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. विचारत होते, फक्त बुद्धिबळाचं सोडून. भरतीचं पाणी कुठल्या बांधावरून आत शिरेल, लग्नाच्या मांडवाला बांबू कुठून आणावेत, मीटर का पळतोय, सगळं लोक त्यालाच विचारायचे. पेणच्या खाडीकडचं गाव, त्यात हा एकाहत्तर वर्षांचा काटक म्हातारा, सगळ्यांच्या उपयोगाचा. पण त्यानं पट मांडला, की ओटीवरची माणसं एकेक करून उठायची. कुणाला म्हैस आठवायची, कुणाला फोन यायचा, जो वाजलेलाच नसायचा.

त्यांचंही फार चुकत नव्हतं. कमळाकरचा डाव होता देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकतं. राजाला किल्लेकोट नाही, म्हणजे हत्तीच्या आड लपणं नाही. त्याऐवजी, शह बसायच्या आधी, एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आणि प्रत्येक मात सारखी नसते. वजिरानं नाहीतर हत्तीनं मात केली तर जिंकलात, ठीक. प्याद्यानं केली तर समोरच्यानं उठून पाठ थोपटायची. कमळाकरच्या बापानं मिठागरावर हे त्याच्या डोक्यात असं काही भरलं, की हातात आलेली मात सोडून पोरगा प्याद्याची वाट बघायला लागला. बापानं त्याला शहाणपण म्हटलं. मी असतो तर दोन शब्द सुनावले असते, पण मी नव्हतो.

पुढं मिठागरात जोडीला केरू आला. सकाळी मीठ ओढून ढीग लावायचे आणि ऊन चढलं की बांधावरच्या खोपटात पट मांडायचा, असं दोघांचं कितीतरी वर्षं चाललं. मिठागरं बंद पडली, खारं पाणी आत घुसलं, मिठाच्या जागी कांदळवन माजलं. दोघं नागोठण्याकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागले. शिफ्टी उलटसुलट पडायच्या, तरी सुट्टी जुळली की पट निघायचाच. म्हातारपणी तर काय, रोजचंच. आणि गेल्या गणपतीत केरू गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपला.

माणूस गेल्याचं दुःख कमळाकरनं सगळ्यांसारखं केलं. पण महिनाभरानं, एकट्यानं पट मांडून बसला असताना, त्याला दुसरंच काहीतरी उमगलं आणि तो घाबरला. हा डाव येणारा आता आजूबाजूला कुणी उरला नव्हता. आपण गेलो की आपल्याबरोबर हाही जाणार, आणि तो गेला हे कुणाला कळणारसुद्धा नाही. मुलानं, प्रवीणनं, बापाचं मन रमावं म्हणून मोबाईलवर बुद्धिबळ घालून दिलं. मोबाईल राजाला उडी मारू देईना. दुसऱ्या दिवशी कमळाकरनं मोबाईल परत केला.

मग त्यानं एक दिवस रोह्याची एसटी धरली आणि माधवरावांचं घर गाठलं. माधवराव निवृत्त शिक्षक, घरची जमीन राखून असलेल्या घराण्यातले. तरुणपणी कमळाकरच्या गावच्या शाळेवर चार वर्षं होते, तेव्हा कमळाकर आणि केरूचा डाव बघायला बांधावर यायचे. स्वतः लहानपणी आजोबांकडून देशी शिकलेले, पुढे सोडून दिलेले. आता ते रोह्यातलं बुद्धिबळ मंडळ चालवत होते; रविवारी चाळीसेक मुलं शिकायला यायची.

"गुरुजी, ह्या पोरांना आठवड्याला एक तास देशी शिकवूं द्या," कमळाकर म्हणाला. "पैसे नको, चहा पन नको. मी येन जाईन."

माधवराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. "मंडळ माझ्या एकट्याचं असतं तर उद्यापासून या म्हटलं असतं. पण कमिटी आहे, पालक आहेत. ह्याला रेटिंग आहे का, स्पर्धा आहेत का, हेच विचारतील. असं करा, जानेवारीत आमची खुली स्पर्धा आहे. त्यात उतरा. पहिल्या दहांत आलात, तर मी छाती ठोकून तुमच्यासाठी तास मागेन. नाही आलात, तर मात्र मला तोंड उघडता येणार नाही."

"देशी नाय ना ती?"

"नाही. तिथले नियम तुम्हाला शिकावे लागतील."

सत्तरी उलटलेला माणूस तीन महिने ते नियम शिकला. प्याद्याची पहिली दुहेरी चाल त्याला उधळपट्टी वाटायची आणि किल्लेकोट पळपुटेपणा, पण शिकला. चाल केल्यावर घड्याळाचं बटण दाबायचं, हे काही हाताला वळण पडेना. त्यासाठी तो जेवताना प्रत्येक घासानंतर पाटावर बोट आपटायचा. पुतळी, त्याची बायको, म्हणायची, "आता माज्या डोक्यावर आपटा, तेवढा राह्यलाय."

स्पर्धा दोन दिवसांची, सात फेऱ्यांची, एका शाळेच्या हॉलमध्ये. प्रत्येकाला एका डावाला अर्धा तास, त्यावर एक सेकंद वाढीव नाही. पहिल्या दिवशी एका डावात कमळाकरच्या राजानं सवयीनं अडीच घरं उडी मारली आणि पंचानं ताकीद दिली. एक डाव तो बटण दाबायचं विसरून हरला. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे चार गुण झाले होते. माधवराव तक्ता बघून त्याच्याजवळ आले. "शेवटचा डाव जिंका. नववा नंबर पक्का. सोमवारी मी कमिटीला बोलावतो."

समोर सुजय बसला होता. तिशीतला, बँकेत नोकरीला, सभ्य माणूस. त्यानं वाकून "नमस्कार काका" म्हटलं आणि झरझर चाली करायला लागला. कमळाकर त्याच्या घाईला बधला नाही. विसाव्या चालीच्या आसपास सुजयचा एक उंट अडकला, मग गेला, मग हत्तींच्या अदलाबदलीत त्याचा एक हत्ती फुकट गेला आणि कमळाकरकडे एक हत्ती जास्त उरला. सुजयचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. आता हत्ती शेवटच्या पट्टीत नेऊन ठेवला की मात. त्यातून सुटायला सुजयकडे काहीही नव्हतं, आणि ते त्यालाही दिसत होतं. घड्याळात कमळाकरची पावणेतीन मिनिटं शिल्लक होती.

कमळाकरनं हत्तीकडे हात नेला आणि थांबला.

बाकीचे डाव संपले होते. मोकळे झालेले खेळाडू, शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईबाप, सगळे ह्या टेबलाभोवती गोळा झाले होते. केरू गेल्यापासून, खरं म्हणजे जन्मात पहिल्यांदाच, इतकी माणसं त्याचा डाव बघत होती. कोपऱ्यातल्या राजापासून थोडं मागं कमळाकरचं एक प्यादं उभं होतं. मोजून चार चाली. चौथ्या चालीला त्याच प्याद्यानं मात होणार होती, आणि तोवर सुजयला दुसऱ्या टोकाला प्यादी ढकलत बसण्यावाचून काही करता येणार नव्हतं. हत्तीनं मात केली तर काय, एक म्हातारा जिंकला, एवढंच लोकांना दिसेल. पण प्याद्यानं केली, तर ज्याच्यासाठी तास मागायचा तो डाव काय चीज आहे, हे ह्या मुलांना आत्ता, इथं, डोळ्यांनी दिसेल. त्यानं हत्ती सोडला आणि प्यादं एक घर सरकवलं.

गर्दीत कुजबुज झाली. सुजयनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काही कळलं नाही म्हणून आपलं प्यादं ढकललं. कमळाकरनं दुसरी चाल पुन्हा पुन्हा तपासली. प्याद्यानं मात करताना एक घर इकडंतिकडं झालं की सगळं फुकट, राजा निसटतो. गडबड करून चालत नाही. त्यानं प्यादं सरकवलं, बटण दाबलं. गर्दीच्या मागं माधवराव उभे होते. सगळ्या हॉलमध्ये त्यांना एकट्यालाच कळलं होतं काय चाललंय ते. त्यांचे डोळे घड्याळावर होते आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं, कारण बोलायची परवानगी नसते. तिसरी चाल झाली. आता एकच. कमळाकरला बापाचा हात खांद्यावर असल्यासारखं वाटलं. त्यानं प्यादं उचललं, आणि कुणी बघायचं राहू नये म्हणून जरा उंच धरलं.

"काका," सुजय हळूच म्हणाला, "वेळ संपली तुमची."

घड्याळात शून्य होतं. प्यादं अजून हातातच होतं. पंच आला, त्यानं घड्याळ पाहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि डाव सुजयला दिला. सुजय बिचारा ओशाळला होता. "तीन चाली आधीच मात होती काका, हत्तीनं. दिसली नाही का?"

कमळाकरला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे प्यादं काय, मात काय, बाप काय, सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, आणि माणसं तर पांगायला लागली होती. एक बाई आपल्या मुलीला समजावत होती, "वय झालं की असं होतं गं, समोरचं दिसत नाही."

माधवराव त्याला दारापर्यंत सोडायला आले. "का केलंत असं?" त्यांनी विचारलं. रागावले नव्हते, नुसते खचले होते.

"हत्तीनं काय कोन पन करतो, गुरुजी."

"हो. आणि कोणी पण करतो, तेवढं केलं असतंत तरी तो तास मिळाला असता." माधवरावांनी दार ढकलून धरलं. "पुढल्या वर्षी बघू," ते म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं की पुढल्या वर्षी काही बघायचं नाही. कमिटीतल्या दोघांनी तो डाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

नागोठण्यापर्यंत एसटीत कमळाकर स्वतःची समजूत घालत आला. तास गेला, डाव गेला, आता कुणी शिकणार नाही; पण निदान रीत तरी मोडली नाही. केरू असता तर त्यानं पाठ थोपटली असती. एवढ्या एका विचारावर तो पेणपर्यंत तग धरून राहिला.

घरी पुतळीनं ताट वाढलं आणि समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"केरू आसता तं समजला आसता गो," तो शेवटी म्हणाला.

पुतळीनं त्याच्याकडे बघितलं. मिठागराच्या दिवसांत रोज दुपारी दोघांच्या भाकऱ्या घेऊन तीच बांधावर यायची, आणि डाव संपेपर्यंत टोपली उघडायची नाही असा कमळाकरचा नियम होता.

"केरूभावजी?" ती म्हणाली. "तो तं माजी टोपली दिसली का हत्तीनंच मात करून उठायचा. तुमी तोंड पाडून बसायचात, नि तो हसत हात धुवायला जायाचा. कदी प्याद्यानं केलेली मी तरी नाय बघली." तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "आज तुमाला नव्हती का भूक लागली?"

कमळाकरला एकेक दुपार आठवायला लागली. प्रत्येकीत केरू हात धुवायला निघालेला होता.

"लागली व्हती," तो म्हणाला.