लोखंडाच्या थरातली पायरी

चामोर्शीच्या बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात होती आणि फोन आला, सुमन गेली. आठवडाभराचा ताप, बस्स. गडचिरोलीच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी रसायन. डबा आम्ही कायम एकत्रच खाल्ला. "बाई, सांबार नेता का ठेवता?" भाजीवाली विचारत होती... पुढे कॉलेजात शोकसभा झाली, तिथं मात्र रडायचं राहिलं आणि माझं डोकंच फिरलं. एक म्हणाले, जंगलची लेक. दुसरे म्हणाले, किती साधी, किती नम्र! नम्र म्हणे! कुरखेड्याकडून आलेली ही बाई बंद खोलीत काय करत होती, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. वर्षानुवर्षं त्याच खोलीसमोरून चहाला जाणारी माणसं ही.

तर मीच सांगते. स्फटिकाच्या चकतीवर लोखंडाचा इतका पातळ थर चढवतात, की केस त्याच्यापुढे जाडजूड वाटावा. दिसायला तो सगळीकडून सारखाच. पण त्याचं चुंबकत्व एका दिशेला सहज वळतं, दुसऱ्या दिशेला वळवायला नेट लावावा लागतो. बाहेरून उलटं चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की कधीतरी ते पालटतं. कसं पालटतं, एका झटक्यात की थांबत थांबत, हाच सुमनचा ध्यास. थरावर लेझरचा किरण पाडायचा आणि परतलेल्या उजेडातला बारीकसा फरक मोजायचा, त्यावरून पालटणं कळतं. रस्त्यावरून एसटी गेली की टेबल हादरायचं, तर हिनं ट्रॅक्टरची ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर दगडी फरशी टाकली आणि सगळं त्यावर मांडलं. मोजायच्या आधी किल्ल्या, पिना खोलीबाहेर. एकदा माझी सेफ्टी पिन काढायला लावून तिनं मला पदर हातात धरून उभं ठेवलं होतं, आणि वर हसत होती!

हे थर मोठ्या शहरातले एक प्राध्यापक पाठवायचे. त्यातला एक थर एका ठरावीक दिशेला दोन टप्प्यांत पालटायचा. आधी काटकोनात वळायचा, तिथं थबकायचा, मग पूर्ण उलटायचा. आलेखात स्वच्छ पायरी दिसायची. प्राध्यापक फोनवर म्हणाले, "गडचिरोलीत बसून मोजता, यंत्र हललं असेल. पायरी काढून टाका." मी शेजारीच बसले होते. सुमन म्हणाली, "सर, यंत्र हाललं तं रेघ थरथरते, पायरी नाई पडत." त्यांनी थर परत मागवला. चकतीच्या मागे तिनं शाईनं दिशेचा बाण काढला होता, तो तिकडे धुण्यात पुसून टाकला, चकती हवी तशी बसवली आणि कळवलं, पायरी नाहीच. अहो, दिशा हाच तर सगळा मामला! तीच पुसायची आणि वर निकाल देऊन मोकळं व्हायचं!

थर परत आला. हिनं तो अंशाअंशानं फिरवत हरवलेली दिशा पुन्हा शोधली. पायरी होती तिथंच होती. चुकलो, असं काही त्यांच्याकडून आलं नाही. मी तणतणले, तर म्हणते कशी, "तू काऊन तापून राह्यली? थर त इथीच हाय ना." मला तिचा तो शांतपणाही तेव्हा सहन झाला नाही. आजही होत नाही.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांचा हुकूम निघाला, खोली रिकामी करा, कार्यक्रमाच्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. फरशी उचलायला कॉलेजचे दोघं शिपाई आले त्याच दिवशी सुमनची आई लेकीचं सामान न्यायला आली होती. तिनं विचारलं, "हे का होय, मॅडम? पोरगी इथी का करे?" सांगून काय कळणार, म्हणून मी दोघांना थांबवलं. थर जागेवरच होता. सुमननं शिकवलं होतं तसं लेझर लावला, चुंबकीय क्षेत्राचं बटण हळूहळू फिरवलं. पडद्यावर रेघ सरकली, थबकली, पायरी पडली, मग पुढे गेली.

"हे माया पोरीनं शोधलं?"

"हो. आणि साहेब लोक म्हणाले, असं काही नाहीच."

मायनं सुमनचं स्टूल फरशीला लावलं आणि त्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"उठा बाई, फरशी न्यायची हाय," एकजण म्हणाला.

"नाई उठत. बोलाव तुया साहेबाले. त्याले हे दाखवतो, मंग पाहू."